जुना सर्व्हर: आहे त्याच वाड्याची डागडुजी की नवं बिऱ्हाड?

काटापट्टी (लातूर) · सोमवार, रात्री ११:१०

राम राम मंडळी. जरा लांबड लागणार आहे.

आमचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. लातूर, औसा, मुरूड भागातली अकरा आडत दुकानं त्यावर चालतात. माल आला, काट्यावर वजन झालं, सौदा लागला, हमाली-तोलाई (माल उचलायचे आणि तोलायचे पैसे) वजा झाली, शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी. काम एवढंच. २०१८ साली मी आणि एका मित्रानं मिळून लिहिलं. मित्र नोकरीला पुण्याला गेला, सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात राहिलं.

मशीन क्लाउडवर आहे, मुंबईच्या डेटा सेंटरात. २ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क. त्यावर उबुंटू १८.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, अपाची २.४.२९ हा वेब सर्व्हर, कोड पीएचपी ७.२ मध्ये, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. आज अपटाइम (मशीन सलग किती दिवस न थांबता चाललं ते) बघितला तर ८१२ दिवस. आधी असा आकडा बघून छाती फुगायची, आता पोटात गोळा येतो.

कारण पैसे वळते करणाऱ्या कंपनीची मेल आली आहे. त्यांनी बाहेरून तपासणी केली म्हणे. सगळं सॉफ्टवेअर कालबाह्य, महिन्यात सुधारा, नाहीतर जोडणी बंद. जोडणी बंद म्हणजे शेतकऱ्याचे पैसे खात्यावर जाणार नाहीत. सोयाबीनची आवक सुरू व्हायला दीड-दोन महिने आहेत, तेव्हा हात लावायची सोय नाही.

तर आहे त्याच मशीनवर अपग्रेड मारू का नवीन मशीन घेऊन सगळं तिकडं हलवू? कुणी केलंय का? वाचून सांगू नका, करून सांगा.


शून्य_बॅलन्स (बीड) · रात्री ११:२४

८१२ दिवस! आमच्या गावात लाइट सलग ८ तास राहिली तर लोक पेढे वाटतेत.


जुनंच_बरं (परभणी) · रात्री ११:५२

चालायलंय ना? मग चालू द्या. चालत्या गाडीचं चाक काढून बघू नये.

ही ‘नवीन म्हणजे सुरक्षित’ची पट्टी कुणी पढवली कुणास ठाऊक. अपाची २.४.४९ आठवा. ऑक्टोबर २०२१. ताजी ताजी आवृत्ती आणि तिच्यातच असं भोक की पत्त्यात टिंबं-स्लॅश वेगळ्या वेषात घालून बाहेरचा माणूस सर्व्हरच्या फायली वाचायचा. घाईघाईनं २.४.५० काढली, ती अर्धवट निघाली. मग २.४.५१. तुमच्यासारखे २.४.२९ वाले निवांत झोपले होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण झालं, त्यात मागचं दार फक्त ५.६.० आणि ५.६.१ या नव्याकोऱ्या आवृत्त्यांत. त्याच वर्षी जुलैत ओपनएसएसएचचं (दुरून सर्व्हरवर शिरायच्या दाराचं) भोक निघालं, त्यात उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वाले सापडले, २०.०४ वाले सुटले.

आवृत्ती लपवा. अपाचीत ‘सर्व्हर टोकन्स’ ‘प्रॉड’वर ठेवा, बाहेरून आकडाच दिसणार नाही. मेल पाठवणारं तपासणी यंत्र गप. झाली अपग्रेड.


हळदगाठ (वसमत) · मंगळवार, सकाळी ७:४०

जुनंच_बरं, तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत. अर्धीच सांगितलीत. ती भोकं सापडली आणि काही दिवसांत बुजली, कारण ती बुजवायला माणसं बसलेली होती. १८.०४ मध्ये उद्या काही निघालं तर कोण बसलंय? तिचा नेहमीचा आधार ३१ मे २०२३ ला संपला. पीएचपी ७.२ मूळ कर्त्यांनी ३० नोव्हेंबर २०२० लाच सोडलं, पुढं उबुंटूवाले आपल्या पदरचे पॅच (दुरुस्तीचे तुकडे) लावत होते, तेही मे २०२३ पर्यंतच. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ ला संपलं. आकडा लपवणं म्हणजे दाराची कडी तुटलेली असताना दारावर पडदा लावणं. चोर कडी हलवून बघतो, पडदा वाचत बसत नाही.

काटापट्टी, आधी आजच्या आज करायचं काम. उबुंटू प्रो म्हणून सोय आहे, ५ मशीनपर्यंत फुकट, छोट्या धंद्यालाही चालते. खातं काढा, टोकन घ्या, मशीनला जोडा. १८.०४ ला २०२८ पर्यंत सुरक्षेचे पॅच त्यातून मिळतात. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानं घर नवीन होत नाही, पण गळती थांबते आणि तुम्हाला डोकं शांत ठेवून पुढचं ठरवता येतं. एक मात्र बघा, पीएचपी उबुंटूच्या भांडारातलं आहे का कुणा तिसऱ्याच्या? तिसऱ्याचं असेल तर प्रो त्याला हात लावत नाही.

आता मूळ प्रश्न. माझं मत नवीन मशीन. आहे त्याच मशीनवर गेलात तर एका उडीत पोचत नाही. १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४, मग २४.०४. तीन उड्या, आणि पहिल्याच उडीत मायएसक्यूएल ५.७ चं ८.० होतं. तिथून मागं यायची वाट नाही, ८.० ने एकदा फायली स्वतःच्या पद्धतीनं लिहिल्या की ५.७ त्या उघडत नाही. अर्ध्या वाटेवर अडकलात तर ना घर का ना घाट का. २०.०४ वर थांबू म्हणाल तर तिचाही आधार मे २०२५ ला संपलाय.

नवीन मशीनवर जुनं चालू राहतं. बिघडलं तर नवं मोडा, परत मांडा, ग्राहकाला पत्ता लागत नाही.


मोसंबीबाग (जालना) · सकाळी ९:१५

मी जाग्यावर केलंय, त्यामुळं माझं ऐका. एकदा नाही, चार वेळा. तीन सुखरूप, एक बेक्कार.

बेक्कारवाली सांगतो. मंठ्याकडं गावी गेलो होतो. रात्री अकराला ‘डू-रिलीज-अपग्रेड’ मारलं. (कमांड देवनागरीत लिहिलीय, उगं कॉपी करून टर्मिनलात टाकू नका कुणी.) मोबाइलचं हॉटस्पॉट. सुरुवातीलाच तो सांगतो की मी १०२२ नंबरच्या पोर्टवर दुसरं एसएसएच उघडून ठेवतो, मुख्य दार अडकलं तर तिकडून या. मी हो हो म्हणून एंटर दाबला. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये १०२२ उघडायचं असतं हे कुणाला सुचतंय.

साडेअकराला लाइट गेली. लाइटीसोबत गावातला टॉवर पण गेला. मी अंधारात, लॅपटॉपच्या उजेडात, आणि तिकडं सर्व्हर अर्धा अठराचा अर्धा विसाचा. पहाटे चारला रेंज आली. नशीब की तो कार्यक्रम स्वतःच, जोडणी तुटली तरी न मरणाऱ्या ‘स्क्रीन’ नावाच्या प्रोग्रॅमच्या आत चालतो, त्यामुळं मेला नव्हता. नुसता एक प्रश्न विचारून चार-साडेचार तास माझी वाट बघत बसला होता: अपाचीची ही सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू का आमची घालू?

झोपेत मी ‘आमची घाला’ म्हणलो. सकाळी साइटवर मजकुराऐवजी पीएचपीचा कोड दिसायला लागला, उघडानागडा. जुनं पीएचपी निघून गेलं होतं, नवं अपाचीला जोडलेलंच नव्हतं. ग्राहकाचा फोन, “तुमची वेबसाइट इंग्रजीत बोलायलीय.”

पण तेवढं सोडलं तर जाग्यावर करणं वाईट नाही. आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तोच राहतो, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तेच राहतात, परवानग्या त्याच. नवीन घर घेतलं की पन्नास खिळे परत ठोकावे लागतेत. स्नॅपशॉट (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) घ्या, १०२२ उघडा, लाइट असलेल्या गावात बसा.


नवशिक्या_४३ (औसा) · सकाळी ९:३१

सर मला पण लिनक्स शिकायचं आहे. कोणता क्लास चांगला? फी किती?


शून्य_बॅलन्स (बीड) · सकाळी ९:३३

मंठ्याला जा, रात्री अकराला बस. फी लागत नाही, पण पहाटे चारपर्यंत सगळं येतं.


बालाघाटी (मूळ अंबाजोगाई, सध्या पुणे) · सकाळी १०:०५

२०१८ चा स्टॅक, तोही हातानं मांडलेला? सगळं डॉकरमध्ये टाका, डेटाबेस मॅनेज्ड घ्या, पुढं लोड बॅलन्सर, टेराफॉर्मनं सगळी रचना फाइलीत लिहून ठेवा. मग अपग्रेड हा विषयच राहत नाही. आमच्या टीममध्ये सर्व्हर दर आठवड्याला मारून नवीन बनवतो.


मोसंबीबाग (जालना) · सकाळी १०:२०

अकरा आडत दुकानं आहेत दादा. चार एकराला हार्वेस्टर कशाला? आणि तुमच्या टीममध्ये माणसं किती?


बालाघाटी · सकाळी १०:२२

चौदा.


मोसंबीबाग · सकाळी १०:२३

काटापट्टींच्या टीममध्ये ते आणि त्यांची मोटरसायकल.


गोदाकाठ (नांदेड) · दुपारी १:४५

नवीन घ्यायचंच असेल तर मुंबई कशाला? ॲमेझॉनचं हैदराबाद केंद्र नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे. नांदेड-लातूरहून हैदराबाद जवळ. मुंबईचं २०१६ चं आहे.


शून्य_बॅलन्स (बीड) · दुपारी १:५०

१७ सप्टेंबर १९४८ ला कसंबसं सुटलो आपण, आणि हे डेटा परत निजामाकडं पाठवायला निघाले.


गोदाकाठ · दुपारी १:५८

😄 हौ, पण बिर्याणी चांगली आहे तिकडं. मुद्दा मात्र खरा सांगायलो.


हळदगाठ (वसमत) · दुपारी २:३०

नकाशावर जवळ म्हणजे तारेनं जवळ असं नसतं. तुमचा पॅकेट कुठल्या कंपनीच्या तारेवरून कुठं वळसा घेतो त्यावर आहे, पिंग करून (जायला-यायला किती वेळ लागतो ते) बघा. आणि काटापट्टींचं मशीन मुंबईत आहे तर मुंबईतच दुसरं घ्या. त्याच केंद्रात असलं की जुन्या मशीनचा स्थिर आयपी सोडवून नव्याला लावता येतो. डीएनएसला (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीला) हात लावायची गरज नाही. मोसंबीबाग म्हणतात त्या पन्नास खिळ्यांतले वीस तिथंच वाचतात.


लेखाजोखा (छत्रपती संभाजीनगर) · रात्री ९:००

कुणी बोललं नाही म्हणून एक सांगतो, कारण माझे केस यातच गेले.

अपग्रेड करूनही ती तपासणीवाली मेल परत येऊ शकते. मी एका संस्थेत हेच बघतो (नाव राहू द्या). आम्ही २२.०४ वर गेलो. तिथं अपाची २.४.५२ येतं आणि शेवटपर्यंत आकडा २.४.५२ च राहतो. उबुंटूवाले आवृत्ती बदलत नाहीत, वरच्या आवृत्तीतला सुरक्षेचा तुकडा काढून जुन्या आवृत्तीला ठिगळ लावतात. बाहेरून तपासणारं यंत्र फक्त आकडा वाचतं आणि ओरडतं: २.४.५२ धोकादायक, पस्तीस भोकं.

आमच्याकडं आलेला लेखापरीक्षक ऐकायलाच तयार नव्हता. “आकडा जुना दिसतोय, तुम्ही म्हणता नवं आहे.” त्याला पॅकेजचा पूर्ण आकडा दाखवला, त्यात शेवटी उबुंटूची स्वतःची शेपटी असते, ती महिन्याला बदलत होती. त्यानंतर ‘ॲप्ट चेंजलॉग’ छापून दिला. प्रत्येक भोकाचा सीव्हीई नंबर (जगभर सगळे वापरतात तो भोकाचा क्रमांक) आणि तो कधी बुजवला ते त्यात लिहिलेलं असतं. अकरा पानं. अकरा पानं बघून तो नरमला. आपल्याकडं कागद जाड असला की खरा वाटतो.

तेव्हा काटापट्टी, कंपनीला उत्तर देताना नुसतं ‘केलं’ लिहू नका. सीव्हीईनुसार उत्तर द्या.

जुनंच_बरं, आकडा लपवायचा तुमचा सल्ला यासाठी खरंच कामाचा आहे. पण भोक बुजवल्यावर. आधी नाही.


जुनंच_बरं (परभणी) · रात्री ९:२०

चला, अर्धं तरी बरोबर निघालं.


काटापट्टी (लातूर) · बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. प्रो जोडलं, खरंच अर्धा तास लागला. १४० च्या वर पॅकेजं आली आणि रीबूट मागितलं. ८१२ चे ८१४ झाले होते. रीबूट दाबताना हात थरथरला, खोटं बोलत नाही. दीड मिनिटात उठला.

हळदगाठ ताई म्हणल्या तसं नवीन मशीनचंच ठरवलं. आधी जुन्यावर काय काय आहे ते कागदावर लिहायला बसलो. आणि इथं माझी मला लाज वाटली. रूटच्या क्रॉनमध्ये सात ओळी, त्यातल्या दोन कशाच्या हे आठवेना. मित्राला फोन लावला, तोही “तूच टाकली असशील” म्हणला. एक ओळ रोज रात्री कुठल्यातरी दुसऱ्या आयपीवर फाइल पाठवायला बघत होती. ते मशीन आम्ही २०२० मध्येच बंद केलेलं. पाच वर्षं रोज रात्री पाठवायचा, रोज फसायचा, कुणी बघितलं नाही.

म्हणजे आमचा दुसऱ्या जागेवरचा बॅकअप पाच वर्षं नव्हताच.


हळदगाठ (वसमत) · रात्री १०:५५

ही धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. झोपायच्या आधी आज हातानं एक डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घ्या आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवा. स्नॅपशॉटवर विसंबू नका, तो त्याच कंपनीच्या त्याच खात्यात असतो.

पुढं दोन गोष्टी. मायएसक्यूएल ८ मध्ये काही शब्द राखीव झालेत. ‘रँक’, ‘ग्रुप्स’, ‘सिस्टिम’ अशा नावाचं टेबल किंवा रकाना असेल तर डंप गुपचूप आत जाईल, कारण डंपमध्ये नावं उलट्या टिकलीच्या अवतरणात असतात. पण तुमच्या कोडमधली क्वेरी पडेल. दुसरं, पीएचपी ७.२ वरून २४.०४ च्या ८.३ वर जाताना ज्या चुका ओरडतात त्यांना घाबरू नका, त्या सापडतात. ज्या ओरडत नाहीत त्यांना घाबरा. जुन्या पन्नास-शंभर पट्ट्या निवडा, दोन्ही मशीनवर परत काढा, आकडे शेजारी ठेवून ताडून बघा.

आणि काट्याला जोडलेला कॉम्प्युटर कुठला आहे?


काटापट्टी · रात्री ११:०२

विंडोज ७. का?


हळदगाठ · रात्री ११:०३

अरे देवा.


शून्य_बॅलन्स (बीड) · रात्री ११:०५

ताईंनी ‘अरे देवा’ म्हणलं की समजायचं, खर्च आहे.


काटापट्टी (लातूर) · पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

आठवडाभराचा हिशोब देतो.

२४.०४ ची नवी मशीन घेतली. ४ जीबी, कारण मायएसक्यूएल ८ ला २ मध्ये गुदमरायला झालं. कोडमध्ये ‘ग्रुप्स’ नावाचं टेबल निघालंच, व्यापाऱ्यांचे गट ठेवायला मित्रानं केलेलं. एकोणीस ठिकाणी दुरुस्ती. ‘ईच’ हे फंक्शन वापरलेलं तीन ठिकाणी, पीएचपी ८ मध्ये ते उडालंय, पान सरळ पांढरं. हे सगळं ओरडलं, सापडलं, दोन रात्रींत झालं.

त्यानंतर ताईंच्या सांगण्यावरून १०० पट्ट्या ताडल्या. ९३ बरोबर. ७ मध्ये शेतकऱ्याची रक्कम नव्या मशीनवर जास्त. कुठंही एरर नाही, लॉग स्वच्छ. रात्री दीडपर्यंत डोकं आपटलं.

झालं असं होतं. तोलाईचा रकाना मुनीमजी कधी भरतात, कधी रिकामा सोडतात. मी २०१८ मध्ये लिहिलं होतं की तोलाई शून्याबरोबर असेल तर दुकानाचा ठरलेला दर घे. जुन्या पीएचपीत रिकामी ओळ आणि शून्य सारखंच, त्यामुळं रिकामा सोडला तरी ठरलेला दर लागायचा. पीएचपी ८ ला रिकामं म्हणजे शून्य नाही. मग ठरलेला दर लागलाच नाही, आणि पुढच्या ओळीनं त्या रिकाम्याचं मुकाट्यानं शून्य करून घेतलं. तोलाई गायब.

न ताडता गेलो असतो तर सोयाबीनच्या गर्दीत रोज हजार-बाराशे कट्ट्यांची तोलाई उडाली असती, आणि हमाल-तोलाऱ्यांचे पैसे माझ्या खिशातून गेले असते. चूक पीएचपीची नाही, माझीच होती. सात वर्षं झाकून राहिली एवढंच.


मोसंबीबाग (जालना) · रात्री १०:४०

मी चारही वेळा असं काही ताडलं नव्हतं. आता मला झोप येणार नाही.


लेखाजोखा (छत्रपती संभाजीनगर) · रात्री १०:४४

हा पट्ट्या ताडायचा किस्सा आमच्या ऑफिसात सांगणार आहे. तोलाई म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागेल.


गोदाकाठ (नांदेड) · रात्री ११:००

हलवायचा मुहूर्त कोणता? आडत कधी बंद असते?


काटापट्टी · रात्री ११:०४

अमावस्येला सौदे नसतात. ही पोळ्याची अमावस्या. हमाल नाही, गाडी नाही, कुणी लॉगिन करणार नाही. आदल्या रात्री जुन्यावर लिहिणं बंद करून शेवटचा डंप, पोळ्याच्या सकाळी आयपी फिरवायचा.


शून्य_बॅलन्स (बीड) · रात्री ११:०६

म्हणजे आदल्या रात्री सर्व्हरची खांदेमळणी. हळद आणायला वसमतला ताईंकडं जा.


हळदगाठ (वसमत) · रात्री ११:३०

हळद देते, पण आधी घड्याळ बघा. क्लाउडवर नवीन मशीन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) येते. टाइम झोन कोलकाता करा, त्यानंतर क्रॉनची सेवा परत सुरू करा. नुसतं झोन बदलून चालत नाही, क्रॉन जुनंच घड्याळ धरून बसतो.


काटापट्टी (लातूर) · पोळा, रात्री ९:५०

झालं.

आदल्या रात्री बाराला जुन्याचं लिहिणं बंद केलं. डंप ३ मिनिटं, चढवायला ११. सकाळी सातला आयपी फिरवला. एसएसएचनं “यजमान बदललाय, कुणीतरी मध्ये बसलंय” म्हणून बोंब मारली, ती अपेक्षितच होती. माझी जुनी पुटी (विंडोजवरून सर्व्हरवर शिरायचा प्रोग्रॅम) नव्या सर्व्हरला चालेना, किल्ली नाकारली. पुटी नवी घेतली. शेतकऱ्यांची नावं मराठीत नीट दिसायलीत, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती.

काट्याचं ताईंना भीती होती तसंच झालं. विंडोज ७ वरचं काट्याचं सॉफ्टवेअर टीएलएस (सुरक्षित जोडणीची भाषा) १.० नं बोलायला बघतं, नवा सर्व्हर १.२ च्या खाली ऐकत नाही. वजन जाईना. त्या मशीनच्या रजिस्ट्रीत नोंदी घालून १.२ चालू केलं तर अकरातल्या आठ दुकानांत चालू झालं. उरलेल्या तीन ठिकाणी काट्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की तेही जमेना. मोटरसायकल काढली आणि पोळ्याच्या दिवशी औसा, मुरूड, परत लातूर. मुरूडला मालकांच्या घरी बैल सजवायलेत आणि मी दुकानात शटर अर्धं उघडून काट्याच्या खाली वायर शोधायलोय. त्यांच्या आईनं पुरणपोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. तीन दुकानांत जुने लॅपटॉप बसवले, विंडोज १० वाले.

आई म्हणली, सणाच्या दिवशी कुठं होतास? काय सांगू तिला.


नवशिक्या_४३ (औसा) · रात्री १०:०२

सर तुम्ही औशाला येऊन गेलात? सांगायचं ना. मी बघायला आलो असतो.


काटापट्टी · रात्री १०:१०

पुढच्या वेळी ये बाबा. वायर धरायला माणूस लागतोच.


काटापट्टी (लातूर) · दोन दिवसांनी, दुपारी २:४५

मंडळी, सकाळी ९ ला जाणारा बाजारभावाचा मेसेज आत्ता २:३० ला गेला. चार हजार शेतकऱ्यांना. “सुप्रभात” सकट.

टाइम झोन बदलला होता. क्रॉन परत सुरू करायचं राहिलं.


हळदगाठ (वसमत) · दुपारी २:४७

लिहिलं होतं मी.


काटापट्टी · दुपारी २:४८

वाचलं होतं मी. 🙏


शून्य_बॅलन्स (बीड) · दुपारी २:५५

माझ्या काकालाही आला मेसेज. म्हणले, पोरगं पोळ्याला दमलं असेल, आत्ता उठलं.


बालाघाटी (सध्या पुणे) · दुपारी ३:२०

नवीन मशीनची मांडणी निदान एका फाइलीत लिहून ठेवली का? कुठली पॅकेजं, कुठल्या सेटिंग, कुठले क्रॉन. डॉकर राहू द्या, साधी टेक्स्ट फाइल चालेल. २४.०४ चा आधार २०२९ ला संपतो, तेव्हा परत हाच धागा काढाल.


काटापट्टी · दुपारी ३:३१

लिहिली. दोन पानं झाली. एक प्रत दुकानातल्या कपाटात पट्टी-पुस्तकांशेजारी ठेवली आहे. आणि कंपनीची मेल आली, जोडणी चालू राहणार. लेखाजोखा म्हणाले तसे सीव्हीईचे कागद जोडले होते, एका दिवसात मान्य झाले.

जुनी मशीन सध्या बंद करून ठेवलीय. बंद असली तरी डिस्कचं भाडं लागतं हे आज बिल बघून कळलं. महिनाभर ठेवतो, मग काढतो.


जुनंच_बरं (परभणी) · रात्री ११:४०

काटापट्टी, अभिनंदन. एक विचारायचं होतं. ते प्रो १६.०४ ला पण लागतं का?


हळदगाठ (वसमत) · रात्री ११:४२

लागतं, पण एप्रिल २०२६ पर्यंतच. का हो?


जुनंच_बरं · रात्री ११:४५

सहज. एका ओळखीच्याचं आहे.


मोसंबीबाग (जालना) · रात्री ११:४६

१६.०४ चा आधार एप्रिल २०२१ ला संपलाय. अपटाइम किती आहे त्या ओळखीच्याचा?


जुनंच_बरं · रात्री ११:५८

विचारू नका. पोळ्याची अमावस्या तर गेली. पुढची कोणती?


शून्य_बॅलन्स (बीड) · रात्री ११:५९

सर्वपित्री. तुमच्या १६.०४ ला अगदी बरोबर बसते.